३८व्या वर्षी परदेशात मास्टर्स: पुढे नोकरी लागते का हो?

चाकणकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३८ पूर्ण. २००९ ला पुण्यातून मेकॅनिकल बीई, ६१ टक्के. तेव्हापासून चाकण पट्ट्यातच, तीन कंपन्या झाल्या, सगळ्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या. सध्या क्वालिटीत डेप्युटी मॅनेजर. सप्लायर ऑडिट, पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), कस्टमरच्या शिव्या आणि रात्री अकराला येणारा 'अर्जंट' फोन, हेच आयुष्य. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत, आईवडील आमच्याकडेच असतात. फ्लॅटचे हप्ते अजून सहा वर्षं.

गेल्या वर्षी कंपनीच्या कामाने तीन आठवडे जर्मनीत होतो आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की बीईनंतर मास्टर्स करायचं राहूनच गेलं, ते आता करावं, तिकडेच नोकरी बघावी आणि नंतर सगळ्यांना न्यावं. एजंट म्हणतो ॲडमिशन शंभर टक्के होईल. पण डिग्री हातात येईपर्यंत मी ४१ चा झालेला असेन. चाळिशीतल्या फ्रेशरला कोण घेतं? तोच एजंट ऑस्ट्रेलियाचा एक कोर्सही गळ्यात मारतोय, म्हणे तिकडे लवकर सेटल होता येतं.

या वयात कोणी गेलंय का? खरं काय ते सांगा, गोड बोलायला एजंट आहे.

आळशी_अजगर
मी पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 'चाळिशीतला फ्रेशर' टीशर्टवर छापून घ्या, मी दोन घेतो.

खडूस_खवय्या
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन आठवडे कंपनीच्या पैशाने हॉटेलात राहिलात, सकाळी चीजचे आठ प्रकार खाल्लेत, तो देश वेगळा. बारा चौरस मीटरच्या खोलीत राहायचं, चौघांत एक ओटा, आणि पास्त्यात पाणी जास्त झालं की नको म्हणायला कोणी नाही, तो देश वेगळा. नाव एकच आहे दोघांचं.

आणि जाताय कुठे, तर गाड्यांच्या धंद्यात! फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला, २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायच्या. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफने १४ हजारांपर्यंत सांगितल्यात. बॉशने २०२५ मध्ये आणखी १३ हजारांची घोषणा केली. ज्या वाड्याला आग लागलीय तिथे तुम्ही भाड्याने खोली शोधताय.

निळी_छत्री
खडूसराव, आकडे बरोबर आहेत पण आग सगळ्या वाड्याला नाही लागलेली, त्यावर खाली लिहिते. आधी माझा अनुभव, कारण मी नेमकं हेच केलंय. २०१९ ला ३३ व्या वर्षी आले, नाशिकला सात वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं होतं. आता श्टुटगार्टजवळ असते.

ॲडमिशनला वय कोणी विचारत नाही, हे एजंट खरं सांगतोय. वर्गात निम्मे बावीस-तेवीसचे होते, आपली मुलं पहिल्या दिवशी मॅम म्हणाली, दुसऱ्या आठवड्यात ताई, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नुसतं 'ए नोट्स दे ना'. तो भाग मजेचा होता.

वय विचारलं ते विमा कंपनीने. इथे विद्यार्थ्यांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा स्वस्त दर असतो, तो तिशीपर्यंतच. तीस ओलांडून भारतातून थेट आलात की तो दरवाजा बंद, खाजगी विमा घ्यावा लागतो आणि त्यात स्वस्तातल्या ज्या पॉलिसी असतात त्यांतल्या बऱ्याच म्हणजे निव्वळ कागद, दाताला हात लावला की पैसे तुमचे. नीट कव्हर असलेली घ्या, पहिल्या वर्षी मी ती चूक केली आणि अक्कलदाढेने अक्कल शिकवली. नोकरी लागली की बहुतेकांना सरकारी विम्यात जाता येतं, पण मधली दोन-अडीच वर्षं काढायची असतात.

दुसरं म्हणजे मार्क. इथे बव्हेरियन फॉर्म्युला लावतात, आपले टक्के त्यांच्या १ ते ४ च्या मोजपट्टीत बसवतात, १ म्हणजे उत्तम. शंभरातून तुमचे मार्क वजा करा, त्याला ३ ने गुणा, मग १०० वजा पासिंगचे मार्क याने भागा, वर १ मिळवा. पासिंग ४० धरलं तर ६१ टक्क्यांचे २.९५ होतात. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत अडीचच्या पुढे फाइल उघडतसुद्धा नाहीत. होखशूले म्हणजे उपयोजित शिक्षणाची जी विद्यापीठं असतात तिथे थोडं सैल असतं, आणि खरं सांगू का, नोकरीच्या दृष्टीने मला तीच बरी वाटली, कंपन्यांशी रोजचा संबंध असतो.

नोकरी: मी १३० अर्ज केले. मोजले कारण एक्सेल ठेवली होती, प्लॅनिंगवाली ना. त्यातून मुलाखती ९. शेवटी काम झालं ते मास्टर्सचा प्रबंध एका मध्यम आकाराच्या कंपनीत केला म्हणून, सहा महिने त्यांनी मला बघितलं आणि ठेवून घेतलं. पगार मात्र वर्गातल्या चोवीस वर्षांच्या पोराला मिळाला तेवढाच. सात वर्षांचा अनुभव करारावर कुठेच नव्हता. तो घोट गिळायची तयारी ठेवा.

आणि जर्मन. बी२ (भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांतली चौथी) झाल्याशिवाय माझा फोन वाजला नाही. मास्टर्स इंग्रजीत होतं म्हणून पहिलं वर्ष भाषेत टंगळमंगळ केली, तीच सगळ्यात महागात पडली.

चाकणकर
@निळी_छत्री, ताई, खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. २.९५ वाचून पोटात गोळा आला. आमच्या काळी ६१ म्हणजे फर्स्ट क्लास, आईने अख्ख्या वाड्याला पेढे वाटले होते.

एजंट या फॉर्म्युल्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्याने काढून दिलेली यादी आता नीट बघितली, सगळी खाजगी विद्यापीठं आहेत, फी वर्षाला बारा लाखांच्या आसपास.

आळशी_अजगर
पेढे परत मागा.

ऱ्हस्वदीर्घ
अवांतर: 'चाळिशीतला' हा शब्द चाळीस पूर्ण झाल्यानंतरच वापरावा. धागाकर्ते अद्याप तिशीत आहेत. बाकी चालू द्या.

चाकणकर
काका, आज दिवसभरात ऐकलेली एवढी एकच चांगली बातमी.

मेलबर्नचा_मावळा
ऑस्ट्रेलियाबद्दल मी बोलतो, कारण हे कोणीतरी आधीच बोलायला हवं होतं. शिक्षण झाल्यावर नोकरीसाठी थांबायचा जो व्हिसा आहे, ४८५ नंबरचा, त्याची वयोमर्यादा आधी ५० होती. १ जुलै २०२४ पासून ती ३५ केली. रिसर्च मास्टर्स आणि पीएचडीवाल्यांना अजून ५० आहे, पण तुम्हाला एजंट जो विकतोय तो कोर्सवर्कचाच असणार. म्हणजे अर्धा कोटीच्या घरात खर्च करून डिग्री घ्यायची आणि समारंभाचा फोटो काढून पुण्याला परत. थेट स्पॉन्सर करणारी कंपनी मिळाली किंवा पॉइंटवर पीआरचं (कायम राहण्याच्या परवान्याचं) निमंत्रण आलं तर गोष्ट वेगळी, त्याला ४५ ची मर्यादा आहे, पण त्यातही ४० ते ४४ ला वयाचे १५ पॉइंट आणि २५ ते ३२ वाल्याला ३०. नुसता स्टुडंट व्हिसाचा अर्ज करायला जुलै २०२५ पासून २००० ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात, नाकारला तरी परत नाहीत.

माझ्या ओळखीतला एक जण नियम बदलला तेव्हा कोर्सच्या मध्यात होता, वय ३६. घरून दागिने गहाण टाकून आलेला. त्या महिन्यात त्याच्याबरोबर चहाला बसायची हिंमत होत नव्हती.

एजंटाला विचारा, वयोमर्यादेचं का नाही सांगितलंस. त्याला कमिशन कॉलेजकडून मिळतं, तुमच्या नोकरीवर नाही.

खडूस_खवय्या
हेच म्हणत होतो. मावळ्याला अनुमोदन.

टेंभुर्णीचे_तात्या
मी ५६. साखर कारखान्यातून पुढच्या वर्षी मोकळा होतोय. मला कुठे ॲडमिशन मिळेल का? विषय कोणताही चालेल, फक्त बायको सोबत येणार नाही असा देश हवा. (दिवे घ्या, गंमत करतोय)

अबोली७
तात्यांच्या विनोदावर हसले, पण धाग्यात एक गोष्ट अजून कोणीच विचारलेली नाही. चाकणकर, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये बायको शाळेत शिक्षिका आहे एवढंच वाक्य आहे तिच्यावर. तिला विचारलंत का?

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझे मिस्टर २०१९ ला वयाच्या चाळिशीत कॅनडाला गेले, विनिपेगला, कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स. सिव्हिल इंजिनियर, सांगलीत स्वतःची छोटी काँट्रॅक्टची कामं होती. मी, दोन मुलं, सासूसासरे मागे. ठरलं होतं की वर्षभरात आम्ही जायचं. मग कोविड आला, मग कोर्स लांबला, मग त्यांची नोकरी गोदामात. इंजिनियरला तिकडे लायसन्सची वेगळी परीक्षा आणि तिकडचा अनुभव लागतो, तो सहज होत नाही.

आणि ते पॉइंट. कॅनडात एक्सप्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरसाठीच्या पॉइंट पद्धतीत, जोडीदार धरून विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे १०० मिळतात. चाळिसाव्या वर्षी ४५. तिथून दर वाढदिवसाला दहा कमी आणि पंचेचाळिसाव्याला शून्य. त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही इकडे केक कापला, व्हिडिओ कॉलवर सगळे हॅपी बर्थडे म्हणत होते आणि ते म्हणाले, "आज आणखी दहा गेले गं." मुलांना वाटलं दहा डॉलर हरवले.

शेवटी मॅनिटोबा प्रांताच्या (विनिपेग त्यातच येतं) नॉमिनेशनमधून काम झालं, आम्ही पोचलो तेव्हा त्यांना निघून साडेचार वर्षं झाली होती. धाकटी तिसरीत होती ती आठवीत गेली. विमानतळावर तिने बाबांना नमस्कार केला. पाहुण्यांना करतात तसा. मी त्या दिवसाबद्दल अजून कोणाशी फार बोललेले नाही, इथे लिहितेय कारण इथे मला कोणी ओळखत नाही.

आता बरं आहे. ते एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर आहेत, मी डेकेअरमध्ये. मधल्या काळात सासरे गेले, मिस्टरांना येता आलं नाही. चूक की बरोबर मला विचारू नका, दिवसागणिक उत्तर बदलतं. पण 'नंतर सगळ्यांना न्यावं' हे तुमचं अर्धं वाक्य आहे ना, ते आमचं साडेचार वर्षांचं होतं.

निळी_छत्री
अबोली, काय लिहू कळत नाहीये. भापो (भावना पोचल्या). 

आळशी_अजगर
आज जोक नाही.

चाकणकर
अबोलीताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि मग बायकोला वाचायला दिली. खरं सांगायचं तर विचारलं नव्हतं, म्हणजे 'जायचा विचार आहे' असं सांगितलं होतं, आणि ती 'बघ' म्हणाली होती, मी त्याला होकार समजलो.

ती वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली की मी माझी नोकरी सोडणार हे तू गृहीतच धरलं होतंस का. आज एवढंच. उद्या येतो.

पासबुक
हिशेबाचं मी बोलतो, तोवर घरातलं वातावरण निवळेल.

१. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो वर्षाचे आधी भरून ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ सुटतात. म्हणजे साधारण बारा लाख, ते खर्च नाहीत, तुमचेच आहेत, पण एकदम काढून ठेवायला लागतात. 
२. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धसत्य आहे. बाडेन व्युर्टेंबर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे २०१७ पासून. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला ४००० ते ६००० लावलेत सेमिस्टरला. बाकी बऱ्याच ठिकाणी अजून नुसतं सेमिस्टर शुल्क.
३. पगार बंद, फ्लॅटचा हप्ता चालू. लोक फी मोजतात आणि हे विसरतात. २४ हप्ते + आईवडिलांचा मेडिक्लेम वेगळा बाजूला काढल्याशिवाय तिकीट बुक करू नका.
४. ईपीएफ काढून फी भरायचा विचार असेल तर कृपया नको. दहा वर्षांच्या वर नोकरी झालीय, पेन्शनचा हक्क तयार झालाय, तो राहू द्या. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार मे २०१७ पासून लागू आहे, तिकडचे आणि इकडचे कालावधी एकमेकांना जोडता येतात. ४१ ला सुरुवात केलीत तरी तिकडे निवृत्ती ६७ ला आहे, २६ वर्षं हातात आहेत. हे कोणी धाग्यात म्हटलंच नाही, सगळे वय उरलंच नाही असं बोलताहेत.
५. शिष्यवृत्ती: परदेशी मास्टर्ससाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज या दोन्हींना ३५ ची मर्यादा, त्या गेल्या. ब्रिटनच्या चीव्हनिंगला वरची वयोमर्यादा नाही, पण शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावंच लागतं, म्हणजे तुमच्या उद्देशाच्या उलट. युरोपच्या इरास्मुस मुंडुसला वय आडवं येत नाही, चुरस मात्र भयंकर.

टीसीएसचं (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर): १ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपर्यंत नाही, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेत तर अजिबात नाही.

लिफीकाठची_लीला
आयर्लंडचं थोडक्यात. ३६ ला आले, टेस्टिंगमध्ये होते, मुलासाठी चार वर्षं घरी बसले होते, मग डेटा ॲनालिटिक्सचं एक वर्षाचं एमएससी. नंतर दोन वर्षं नोकरी शोधायला मिळतात. मला सातव्या महिन्यात लागली. मजा म्हणजे मुलाखतीत डेटाचे प्रश्न दोन आणि माझ्या जुन्या बँकिंग टेस्टिंगच्या कामाचे वीस. म्हणजे डिग्रीने दार उघडलं, आत घेतलं ते जुन्या कामाने. नवऱ्याला स्टुडंटच्या मागे येता येत नाही, तो माझं वर्क परमिट झाल्यावर आला. घरभाड्याबद्दल विचारू नका, रडायला लागेन.

ब्रिटनमध्येही जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सवाल्यांना कुटुंब नेता येत नाही, तोही विचार कोणी करत असेल तर.

कोरी_पाटी
उशिरा आलो, पण मी टेबलाच्या पलीकडे बसतो म्हणून लिहितोच. म्युनिकमध्ये इंजिनियर भरतीचं काम करतो, मूळ कोल्हापूरचा.

'चाळिशीतल्या फ्रेशरला कोण घेतं' याचं उत्तर: कोणीही नाही. पण तुम्ही फ्रेशर नाही आहात आणि अर्जात स्वतःला फ्रेशर करून टाकता हीच चूक मी दर आठवड्याला बघतो. सोळा वर्षं क्वालिटी केलेला माणूस 'मास्टर्सचा विद्यार्थी' एवढं वर लिहितो, जुनी कंपनी खाली दोन ओळीत, आणि बावीस वर्षांच्या पोरांच्या वेर्कश्टुडेंटच्या (शिकता शिकता अर्धवेळ कामाच्या) जागेला अर्ज टाकतो. मॅनेजर म्हणतो, याला एवढी वर्षं झाली, हा का येतोय, दोन महिन्यांत कंटाळेल, नको. वयाने नाकारणं इथे कायद्याने मना आहे, त्यामुळे ते कोणी तोंडाने म्हणत नाही. उत्तर फक्त 'लायडर' (दुर्दैवाने) ने सुरू होतं.

चाकणकर, मला आधी सांगा तुम्हाला मास्टर्स कशाला हवंय? शिकायची हौस असेल तर जरूर करा, त्याला माझी ना नाही. पण नोकरीसाठी यायचं असेल तर २०२४ च्या जूनपासून चान्सेनकार्टे आहे, म्हणजे इथे येऊन नोकरी शोधायचा व्हिसा. तुमचं विद्यापीठ आणि डिग्री अनाबिन नावाच्या यादीत मान्य असेल, तर कुशल कामगार म्हणून पॉइंट न मोजताही ते मिळू शकतं. मोजायचेच झाले तर सहा लागतात: गेल्या सात वर्षांत पाच वर्षं अनुभव असेल तर ३, वय ३५ ते ४० असेल तर १, टंचाईच्या व्यवसायाला १ (इंजिनियर त्यात येतात), जर्मन ए२ ला १. झाले सहा. वर्षभर राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला वीस तास काम करता येतं. किंवा त्याहून बरं, घरी बसून अर्ज करा, करार मिळाला की थेट ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा नोकरीचा परवाना. त्याला २०२५ ला पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो आणि टंचाईच्या व्यवसायांना सुमारे ४३,७६० होती, दरवर्षी बदलते. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मनची परीक्षा न देता येता येतं, आल्या दिवसापासून नोकरी करता येते. विद्यार्थी म्हणून आलात तर कुटुंबाच्या खर्चासाठी दाखवायचे पैसे वेगळे.

मात्र चाळिशीच्या आत ए२ आणि बी१ उरकायला हवं. ४१ लागलं की तो एक वयाचा पॉइंट जातो, आणि ४५ नंतर पहिल्यांदा आलात तर पगाराची किंवा पेन्शनच्या तरतुदीची वेगळी जास्त अट लागते.

खडूस_खवय्या
आणि वाड्याची आग? गाड्यांच्या धंद्यात भरती कुठाय?

कोरी_पाटी
गाड्यांमध्ये नाहीच आहे, तुमचं बरोबर आहे. मी तर म्हणतो गाड्या सोडा, क्वालिटी सोडू नका. मेडिकल उपकरणं बघा. युरोपचा नवा एमडीआर कायदा मे २०२१ पासून लागू झाल्यापासून त्या कंपन्यांना कागदपत्रं, ऑडिट, सप्लायर तपासणी, प्रक्रिया पडताळणी याला माणसं पुरत नाहीत. टुटलिंगन म्हणून एक लहान गाव आहे, सर्जरीच्या हत्यारांचं माहेरघर, शेकडो लहानमोठ्या कंपन्या. गाड्यांत जो माणूस पीपॅप करतो त्याला ते नवीन नाही, नियमांची नावं बदलतात, आयएसओ १३४८५ (मेडिकल उपकरणांच्या क्वालिटीचं मानक) शिकून घ्यावं लागतं. मास्टर्स करायचंच असेल तर ते अशा विषयात करा जिथे सोळा वर्षं कामाला येतील. एआय आणि डेटा सायन्स घेऊन चोवीस वर्षांच्या पोरांशी शर्यत लावू नका, ती पोरं झोपत नाहीत.

निळी_छत्री
कोरी_पाटी, हे मला २०१९ ला कोणी सांगितलं असतं तर! वरच्या पोस्टमध्ये 'खाली लिहिते' म्हटलं होतं ते हेच होतं, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत. एकच भर: मेडिकलमध्ये लहान गावातल्या लहान कंपन्या, तिथे इंग्रजीवर दिवस निघत नाही, टुटलिंगनला तर श्वेबिश बोलतात, बी२ झाल्यावरही मला बेकरीत अर्धं कळत नाही.

टेंभुर्णीचे_तात्या
बेकरीवरून आठवलं, तिकडे थालीपिठाची भाजणी नेता येते का? पुतणी निघालीय, वहिनी पाच किलो बांधतेय. सोबत साजूक तुपाचा डबा.

निळी_छत्री
तात्या, भाजणी चालेल, मी दर वेळी आणते. तूप नको. युरोपबाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, पकडलं तर तुमच्यासमोर पिंपात टाकतात. माझ्या आईच्या हातचे पेढे असे गेलेत, कस्टमवाला वास घेऊन हळहळला पण टाकले.

आळशी_अजगर
६१ टक्क्यांचे पेढे होते का?

कोरी_पाटी
मेथीचे लाडू तुपातले असतात, ते कशात धरतात याच्यावर वेगळा धागा होईल.

ऱ्हस्वदीर्घ
धागा भरकटला आहे. मूळ प्रश्न चाकणकरांचा होता.

चाकणकर
आलो, आलो. तीन आठवडे झाले, उशिराबद्दल माफी. घरी बरंच बोलणं झालं. एकदा भांडण, एकदा रडारड, एकदा दोघं मिळून पासबुक यांचा हिशेब कागदावर मांडला. २४ हप्ते आणि आईबाबांचा विमा बाजूला काढल्यावर लक्षात आलं की एजंटाच्या खाजगी विद्यापीठाची फी भरली तर वर्षभराने आम्ही उघड्यावर. एजंटाला 'नाही' म्हणून कळवलं. तो म्हणाला सर सीट जाईल. म्हटलं जाऊ दे बाबा.

सध्याचं असं ठरलंय. मॅक्स म्युलर भवनात शनिवार-रविवार जर्मनचा वर्ग लावला, ए१ चालू आहे. वर्गात सगळे विशीतले, बाई मला 'हेर' (जर्मनमध्ये श्रीयुत) म्हणतात आणि मी मागे वळून बघतो की कोणाला म्हटलं. गंमत अशी की माझ्याबरोबर बायकोनेही नाव घातलंय. ती म्हणाली जायचं असेल तर मी आल्यावर बोलता यायला नको का, आणि नाही गेलो तर शाळेत आठवीला जर्मन सुरू करताहेत तिथे उपयोग होईल. तिचे मार्क माझ्यापेक्षा चांगले आहेत, डेअर-डी-डासमध्ये, म्हणजे नामांच्या लिंगांत, मी रोज मार खातो.

अनाबिनवर बघितलं, विद्यापीठ आहे. फक्त माझ्या सर्टिफिकेटवर जुनं नाव, युनिव्हर्सिटी ऑफ पुणे. २०१४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं ना. तिकडे कोणी अडकवतं का? ट्रान्सक्रिप्ट काढायलाही गेलो होतो, खिडकीवरचा मुलगा म्हणाला काका २००९ म्हणजे फार जुनं, थांबावं लागेल. ज्या सरांकडून शिफारसपत्र घ्यायचं होतं ते रिटायर होऊन साताऱ्याला शेती करतात, फोन केला तर आधी विचारलं, "तू कोण? मागच्या बाकावरचा ना?"

१३४८५ चा ऑडिटर कोर्सही बघतोय, इथेच होतो पाच दिवसांचा. मास्टर्सचा नाद पूर्ण सुटलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण आधी ए२, मग अर्ज, आणि चाळिसाव्या वाढदिवसाच्या आत. अबोलीताई, मुलीला पण विचारलं. तिने विचारलं तिकडे मांजर पाळता येतं का.

कोरी_पाटी
जुन्या नावाने अडत नाही, नाव बदललं याचं विद्यापीठाचं पत्र सोबत लावा. पूर्वी लोकांनी लावलंय. बी१ झालं की विपू (विचारपूस, म्हणजे इथे निरोप) करा, रेझ्युमे बघून देतो. मागच्या बाकावरचे चालतात.

अबोली७
मांजर पाळता येतं. आमच्याकडे दोन आहेत. तुमच्या मिसेसना नमस्कार सांगा.

लिफीकाठची_लीला
+१. दोघं एका वर्गात, हे वाचून फार बरं वाटलं.

खडूस_खवय्या
तरी मी म्हणतो चाकणमध्येच मेडिकलच्या कंपन्या बघा आधी. पण ठीक आहे. तूप नेऊ नका.

गोंधळलेला_गणू
नमस्कार, धागा वाचला नाही, मोठा आहे. माझा भाचा २२ वर्षांचा आहे, बीई मेकॅनिकल ५८ टक्के, त्याला ऑस्ट्रेलियाला पाठवू का? एजंट म्हणतो ॲडमिशन शंभर टक्के.

आळशी_अजगर
गणूभाऊ, पेढे वाटलेत का?